माळवदाच्या घरात सिनेमा उभा करताना: सेट लावण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मराठवाड्यात आता गावोगावी शॉर्टफिल्म होतात, मोठ्या सिनेमांची युनिटंही येतात. कॅमेरा चांगला असतो, नटमंडळी जीव ओतून काम करतात, आणि तरी पडद्यावरचं घर खोटं दिसतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सामान आधी गोळा होतं आणि घर कोणाचं हे नंतर ठरतं. तांब्याचा हंडा, कंदील, सूप, जातं, बैलगाडीचं चाक असं सगळं एका ओसरीवर मांडलं की गावाकडचं वातावरण झालं, असं समजलं जातं. बघणाऱ्याला मात्र ते मंगल कार्यालयात केलेल्या खेड्याच्या देखाव्यासारखं वाटतं.

कमी पैशात, खऱ्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात, तीन-चार जणांच्या आर्ट टीमने काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातला क्रम मोडू नका. उजेड ठरायच्या आधी भिंत रंगवली किंवा भिंत वाळायच्या आधी कपाट आत आलं, तर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं आणि दुसऱ्यांदा ते घाईतच होतं.

सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. १९९१ चा उन्हाळा, औसा तालुक्यातलं एक गाव. घरात सासू, सून आणि आठवीतला मुलगा. मुलाचा बाप पुण्याला कामाला गेलाय, पैसे मनीऑर्डरने येतात, हल्ली वेळेवर येत नाहीत.

## १. पटकथेतून घराची वही काढा

पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका, गोष्ट नुसती वाचा. दुसऱ्या वाचनात वहीत रकाने पाडा: प्रसंग क्रमांक, जागा, दिवस की रात्र, महिना, नट ज्या वस्तूला हात लावतो ती, नुसती दिसणारी वस्तू, आणि संपणारी किंवा फुटणारी वस्तू. शेवटचे तीन रकाने वेगळे ठेवण्याला कारण आहे. हात लागणारी वस्तू खरी आणि मजबूत लागते, दिसणारी उसनी चालते, संपणारी मोजून जास्तीची लागते.

मग त्या कुटुंबाबद्दल काही प्रश्नांची उत्तरं लिहा. पैसा कुठून येतो? कोण कुठे झोपतं? कुलूप कशाला आहे आणि किल्ली कोणाकडे? घरात शेवटची नवी वस्तू कोणती आली? काय मोडलंय आणि दुरुस्त करायचं राहिलंय? पटकथेत ही उत्तरं नसतील तर दिग्दर्शकाला विचारा. त्यालाही माहीत नसतील तर दोघं बसून ठरवा.

आपल्या उदाहरणात उत्तरं अशी निघतील. किल्ली सासूच्या कमरेला. सासूची वाकळ दाराजवळ, तिथून गल्ली दिसते आणि पोस्टमन येताना कळतो. मुलगा उंबऱ्यापाशी बसून अभ्यास करतो, कारण आत उजेड नाही. बैठकीतली बाज बापाची, तिच्यावर कोणी बसत नाही. शेवटची नवी वस्तू म्हणजे बापाने दोन वर्षांपूर्वी आणलेला ट्रान्झिस्टर. सेल संपलेत, नवे आणलेले नाहीत.

आता वातावरणाचं एक वाक्य लिहा. ‘उदास वातावरण’ असं लिहून हातात काहीच येत नाही. ‘घरातला माणूस कधीही येईल म्हणून त्याची जागा कोणी वापरत नाही’ असं लिहिलंत की काय मांडायचं ते कळतं. बाज रिकामी, अंथरूण घडी करून उशाला, खुंटीवर एकच धुतलेला सदरा. बाकी घरात दाटी असूनही त्या कोपऱ्यात मोकळी जागा.

तपासणी: वही बंद करून दिग्दर्शकाला आणि कॅमेरामनला वेगवेगळं विचारा की घरात कोण कुठे बसतं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका.

## २. घर निवडा, मोजा, आणि लेखी करा

रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी बघायला, सकाळी दहाला जायचं आणि संध्याकाळचे प्रसंग तिथे लिहायचे, ही चूक फार होते. प्रसंग ज्या वेळचा असेल त्या वेळी घरात थांबा. ऊन ओसरीवर कधी येतं, कुठवर येतं, कधी जातं हे घड्याळ लावून लिहून ठेवा.

चौकोन आखलेल्या कागदावर नकाशा काढा, एक चौकोन म्हणजे एक फूट. खोलीची लांबी-रुंदी, दाराची उंची, उंबऱ्याची उंची, कोनाडे, देवळ्या, खुंट्या, माळवदातला झरोका, विजेचा बोर्ड, सगळं त्यात आलं पाहिजे. जुन्या घरांची दारं बुटकी असतात. ट्रायपॉड आत जाईल, पण मोठं लाइट स्टँड उघडून उभं राहील का, हे आताच बघा. कॅमेरा मागे सरकायला जागा किती उरते तेही मोजा. दहा फुटी खोलीत मागची भिंत पाठीला लागते, आणि मग वाइड लेन्स लावून खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसायला लागते. गरिबीचं घर पडद्यावर हॉलसारखं दिसण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आवाजही ऐका. पिठाची गिरणी, बोअरची मोटर, देवळावरचा भोंगा, शेजारच्या पत्र्यावर उड्या मारणारी माकडं. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, मातीच्या भिंतीच्या खोलीत तो दबतो. सिमेंटचंच घर घ्यावं लागलं तर कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर गोधड्या टांगायची सोय ठेवा.

पडका वाडा की राहता? माझं मत स्पष्ट आहे: राहतं घर घ्या. पडका वाडा फोटोत देखणा दिसतो. पण त्याच्या भुईला वर्षानुवर्षं सारवण नसतं, भिंतीला कोणाचा हात लागलेला नसतो, चुलीच्या जागी धूर नसतो. ते सगळं परत आणण्यात जो वेळ जातो, त्याच्या निम्म्यात राहत्या घरातलं नको ते बाहेर काढून होतं.

इशारा: माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर किलचण (लाकडाच्या पट्ट्यांचा थर) आणि त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी वर माती टाकत गेल्याने जुन्या माळवदाचं वजन वाढलेलं असतं. त्यावर माणसं, जनरेटर, लाइट चढवू नका. तुळईला लाइट टांगू नका. तुळईला वाळवी दिसली किंवा भिंतीला उभी, वर रुंद होत गेलेली भेग दिसली, तर घर कितीही आवडलं तरी सोडा. दगडांच्या फटीत आणि अडगळीत विंचू असतात, म्हणून सामान हलवताना हातमोजे आणि बॅटरी वापरा.

घरमालकाशी करार कागदावर करा. किती दिवस, कोणत्या खोल्या, भिंतीला रंग चालेल का, खिळा चालेल का, घरची माणसं तेवढे दिवस कुठे राहतील. देवघराबद्दल वेगळं विचारा आणि घरातल्या बाईमाणसांसमोर विचारा. गल्लीत शूटिंग असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या. देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा, वेरूळ, अजिंठा या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतल्या जागा आहेत. तिथे त्यांची परवानगी लागतेच, आणि भिंतीला हात लावायचा विषयही काढायचा नाही.

## ३. काळाची चाळणी

‘जुना काळ’ असं काही नसतं, वर्ष असतं. वहीच्या पहिल्या पानावर ते मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रेममध्ये येणारी प्रत्येक वस्तू, पाटी आणि कागद त्यातून गाळा. मराठवाड्यापुरत्या काही गोष्टी पाठच असाव्यात.

घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली कित्येक गावं पडली आणि नव्या जागी सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची गावं वसली. त्यामुळे किल्लारी भागातली १९९१ ची गोष्ट माळवदाखाली घडेल, १९९७ ची त्याच गावात तशी घडणार नाही. १९९७ दाखवायचं तर नवी बैठी घरं, न वाढलेली झाडं, मोकळे प्लॉट आणि जुन्या घरातून वाचवून आणलेल्या एक-दोन वस्तू लागतील.

पत्ता. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. १९८० च्या गोष्टीतल्या पाकिटावर ‘जि. लातूर’ लिहिलं की ते पत्र खोटं. तिथे ‘ता. औसा, जि. उस्मानाबाद’ पाहिजे. हिंगोलीचं पत्र १९९८ पर्यंत परभणी जिल्ह्यातच जाणार. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा, त्याआधीच्या पत्रावर तो नको. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं सरकारी पाट्यांवर अलीकडची, आजच्या रस्त्यावर शूटिंग करताना मैलाचे दगड आणि एसटीच्या पाट्या झाकाव्या लागतील. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, त्याआधीच्या पदवीच्या कागदावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ एवढंच.

त्याही आधी. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीची गोष्ट असेल तर तुम्ही निजामाच्या राज्यात आहात. सरकारी कागद उर्दूत, व्यवहारात हाली सिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन. पुण्या-मुंबईच्या सिनेमातली ब्रिटिश अमलातली कचेरी उचलून इथे ठेवली की सगळा प्रसंग फसतो.

पैसा आणि उजेड. ₹ हे चिन्ह २०१० चं, त्याआधी ‘रु.’. जुन्या पाचशे-हजारच्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झाल्या. १९९१ च्या घरात पिवळा बल्ब, फार तर ट्यूबलाइट. पांढरा एलईडी बल्ब होल्डरमध्ये राहून जाणं ही सर्वांत जास्त सापडणारी चूक आहे, कारण तो रोजचा असल्याने डोळ्याला खटकतच नाही.

शेत. खिडकीतून शेत दिसत असेल तर पीकही काळाचंच हवं. आज लातूरकडे जिकडेतिकडे सोयाबीन आहे, १९९१ मध्ये असं चित्र नव्हतं. ज्वारी, तूर, करडई धरून चला. महिनाही सांभाळा. येळवस, म्हणजे रानात खोप करून साजरा होणारा वेळ अमावस्येचा सण, मार्गशीर्षाच्या अमावस्येला, डिसेंबर-जानेवारीत येते. कडब्याची खोप आत-बाहेर कितीही नेटकी केली, तरी मे महिन्यातल्या भेगाळलेल्या काळ्या रानात ती येळवस दिसणार नाही. पळस फुललेला हवा असेल तर फाल्गुन धरा. प्लास्टिकची फुलं झाडाला बांधू नका.

इशारा: चाळणी दुसऱ्या टोकालाही लावा. १९९१ च्या घरात प्लास्टिक मुळीच नव्हतं असं नाही. सगळं पितळ आणि माती दाखवणं ही गेल्या शतकाच्या सुरुवातीची खूण होते. घरात नेहमी तीन पिढ्यांच्या वस्तू असतात: आजीचा रांजण, लग्नात आलेली स्टीलची भांडी, आणि बाजारातून आलेला स्वस्त डबा.

## ४. उजेड आधी, रंग नंतर

माळवदाच्या घरात भिंती जाड, खिडक्या कमी आणि लहान. उजेड दारातून आणि वरच्या झरोक्यातून येतो, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि एक अंधारात राहते. मराठवाड्यातल्या घराचं निम्मं वातावरण याच अंधारात आहे, आणि युनिट आलं की पहिला हल्ला त्यावरच होतो: दिसत नाही म्हणून भिंती पांढऱ्या करा, अजून दोन लाइट लावा. मग ऊन बाहेर आणि सावली आत हा फरकच उरत नाही.

कॅमेरामनला घेऊन खोलीत बसा आणि तीन गोष्टी ठरवा. उजेड कुठून येतो असं दाखवायचं? फ्रेममध्ये दिसणारे दिवे कोणते, म्हणजे बल्ब, कंदील की चिमणी? आणि खोलीतला कोणता भाग अंधारातच ठेवायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुमचं कामही कमी होतं, कारण तिथे सामान लावायची गरज नाही.

बल्ब फ्रेममध्ये असेल तर वायर कुठून आली तेही दिसतं. भिंतीवरून खिळ्यांनी ठोकत आणलेली वायर, काळा गोल स्विच, त्याभोवती बोटांचे मळके ठसे. हे लावायला अर्धा तास लागतो आणि त्याने खोली बोलायला लागते.

इशारा: गावातल्या एका फेजवर शूटिंगचे लाइट चालवू नका आणि तारेवर आकडा तर कधीच टाकू नका. जनरेटर लांब, आवाज न येईल अशा जागी ठेवा. कडब्याच्या गंजीजवळ तो नको.

## ५. भिंती आणि भुई

रंग कपड्यांसोबत ठरवा. नटाच्या साडीचा तुकडा आणा, भिंतीला लावा, तीन पावलं मागे जा आणि मोबाइलने का होईना फोटो काढा. मातकट पिवळी भिंत, तपकिरी साडी आणि सावळा चेहरा एकत्र आले की माणूस भिंतीत विरघळतो. आपल्याकडच्या घरांत चुन्यात नीळ घालून दिलेली फिकट निळी भिंत किंवा हिरवट डिस्टेंपर पूर्वापार दिसतं. त्यावर सावळे चेहरे उठून येतात. ‘गाव म्हणजे मातीचा रंग’ हा हट्ट सोडा.

एका घरात तीन-चार रंगांवर थांबा. एक रंग राखून ठेवायचा आणि एकाच वस्तूला द्यायचा. उदाहरणातल्या घरात लाल रंग फक्त ट्रान्झिस्टरच्या कव्हरला दिला, तर तो कोपऱ्यात गप्प पडलेला असतानाही डोळा तिकडे जातो.

भिंतीचं काम या क्रमाने करा:

१. भिंत झाडून, सुटलेले पोपडे काढून घ्या. जे पोपडे दिसायला हवेत ते राहू द्या.
२. हातभर जागेवर नमुना द्या आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. ओला चुना फिकट आणि पारदर्शक दिसतो, वाळला की पांढराफटक होतो. ओल्यावर निर्णय घेऊ नका.
३. नुसता पांढरा रंग टाळा. उन्हात तो कॅमेऱ्यात जळून जातो. चुन्यात चिमूट-चिमूट रामरज (पिवळी माती) किंवा नीळ घालत त्याला खाली आणा.
४. चुना कपड्यांना लागू नये म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला.
५. भुईपासून दोनेक फुटांचा पट्टा शेणा-मातीचा किंवा कावेचा गडद ठेवा. बसलेल्या माणसाची पाठ तिथेच टेकते.

मालकाने रंगाला नाही म्हटलं तर भांडू नका. लाकडी चौकटीवर प्लाय ठोकून फ्लॅट करा, त्यावर रंग द्या आणि भिंतीपुढे उभा करा. फ्लॅटची कड फ्रेमच्या आत येत असेल तर तिथे खांब, कपडे वाळत घातलेली दांडी किंवा पोत्यांची थप्पी ठेवा.

भुई आदल्या दिवशी दुपारपर्यंत सारवून घ्या. ओलं सारवण काळपट दिसतं आणि वाळल्यावर उजळतं, म्हणजे सकाळचा आणि दुपारचा शॉट जुळणार नाही. सारवताना हाताचे अर्धगोल उमटतात आणि प्रत्येकीचा हात वेगळा असतो. म्हणून सगळे दिवस एकाच बाईकडून सारवून घ्या आणि तिची मजुरी रोजच्या रोज द्या. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीखाली प्लाय टाका, नाहीतर पहिल्याच टेकला पोपडे निघतात.

इशारा: चुना कालवताना डोळ्यांवर चश्मा आणि हातात मोजे. कळीचा चुना पाण्यात उकळतो आणि उडतो.

## ६. सामान: मोठं, मग मधलं, मग हातातलं

आधी मोठं: बाज, कपाट, कणगी, पोती. ते भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे ठेवा. मागे लाइट लपवायला जागा मिळते आणि भिंतीवर सावली पडून खोलीत खोलपणा येतो. समोर काहीतरी, मध्ये माणूस, मागे उघडं दार आणि त्यापलीकडे परस, असे तीन थर जमले की लहान घरही श्वास घेतं.

मधलं सामान नटासोबत लावा. चुलीचा कोपरा घेऊन सांगतो, कारण सगळ्यात जास्त खोटेपणा तिथेच होतो.

चूल मांडायची ती धूर जायच्या वाटेकडे पाहून. चुलीशेजारी सरपण काय? करवतीने कापलेले सारखे ओंडके आणून रचलेले नेहमी दिसतात. आपल्याकडे चुलीत तुराट्या (तुरीच्या काड्या), पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) आणि गोवऱ्या जातात. तुराट्या लांब असतात, त्या चुलीबाहेर येतात आणि जळत गेल्या तशा आत सरकवाव्या लागतात. नटीच्या हाताला त्यातून आपोआप काम मिळतं. फुंकणी, सांडशी, काठवट, तवा, पिठाचा डबा, पाण्याचा तांब्या, भाकरीची दुरडी. हे सगळं चुलीभोवती सुंदर अर्धगोलात मांडू नका. नटीला चुलीपुढे बसवा आणि खरंच दोन भाकरी थापायला लावा. तिचा हात पाण्याला कुठे जातो, पिठाला कुठे जातो ते बघा आणि वस्तू तिथे ठेवा. डावरी असेल तर सगळं उलटं होईल, होऊ द्या. तिला भाकरी येत नसेल तर शूटिंगआधी आठवडाभर शिकायला पाठवा. कोणत्याही सजावटीने अडखळणारा हात झाकता येत नाही.

चूल शॉटच्या तासभर आधी पेटवा. थंड चुलीत राख पांढरी, निखारा नाही, मागची भिंत कोरडी, आणि धूर नुसता पहिल्या मिनिटाला भसकन येतो. पाण्याची बादली, वाळू आणि अग्निशामक नळकांडं फ्रेमच्या बाहेर, हाताच्या अंतरावर ठेवा.

भिंतीवरच्या तसबिरी हा सगळ्यात नाजूक भाग आहे. तुळजाभवानी, माहूरची रेणुका, खंडोबा, विठ्ठल-रुक्मिणी, बुद्ध आणि बाबासाहेब, खुलताबादच्या दर्ग्याचं चित्र, यातली कोणती तसबीर लावता त्यावरून त्या घराची जात, धर्म, गल्ली आणि गावातली जागा बघणारा एका क्षणात ओळखतो. ‘एक देवाचा फोटो लावून टाका’ असं सहायकाला सांगून मोकळं होऊ नका. कुटुंब ठरवताना हे ठरवा आणि बाकी घर त्याच्याशी जुळतं का ते तपासा. घरमालकाच्या मयत माणसांचे फोटो मात्र न विचारता फ्रेममध्ये ठेवू नका, आणि विचारूनही शक्यतो ठेवू नका.

तपासणी: दिवे बंद करून, नुसत्या दाराच्या उजेडात, गावातली एक अनोळखी बाई आत आणा आणि विचारा, ‘हे घर कोणाचं वाटतं?’ तिने कुटुंबाबद्दल काही सांगितलं तर बरोबर चाललंय. ‘लई भारी सजवलंय’ म्हणाली तर परत कामाला लागा.

## ७. वापराच्या खुणा

भाड्याने आणलेली भांडी एकतर चकाचक असतात नाहीतर सारखीच काळी. खरी वस्तू ठरावीक जागी झिजते. कवाडाची कडी जिथे आदळते तिथे लाकडाला खाच पडते. उंबऱ्याचा मधला भाग गुळगुळीत, कडा खडबडीत. जिथे रोज पाठ टेकते तिथे भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट डाग. खुंटीखाली पाण्याचे ओघळ. तसबीर काढली असेल तर तेवढा चौकोन उजळ. माळवद गळतं, म्हणून कोपऱ्यातून खाली उतरलेली मातीची रेघ.

यासाठी महागाचं काही लागत नाही. कापडाला चहाचं पाणी. पितळेला चिंच लावायची नाही, एवढंच पथ्य. धुरासाठी दिव्याची काजळी कापसाने, खालून वर विरत जाणारी. धुळीसाठी मुलतानी माती मलमलच्या पोटलीत बांधून, वस्तूवर हलकी झटकायची. लोखंडाला मिठाचं पाणी लावून दोन-चार दिवस बाहेर ठेवा. तेलाच्या डागाला खरंच तेल लावा, पण मालकाच्या भिंतीवर नाही, फ्लॅटवर.

धूळ सगळीकडे टाकणं ही चूक आहे. आपल्या उदाहरणातली सून रोज झाडते. गरीब घर म्हणजे घाणेरडं घर, हा शहरातून आलेला समज आहे आणि तो पडद्यावर अपमानासारखा दिसतो. त्या घरात भुई स्वच्छ असेल, भांडी घासलेली असतील, फाटलेली वाकळ नीट टाके घालून शिवलेली असेल. धूळ ट्रान्झिस्टरवरही नसेल. तो पुसलेला असेल आणि मागचं झाकण उघडलं की सेलची जागा रिकामी. ही खूण एकदाच, मुलाच्या हातून दाखवली तरी पुरते.

## ८. आता काढायला लागा

सेट लागला की कॅमेरा लावा, मॉनिटरवर बघा आणि वस्तू काढायला सुरुवात करा. दर वस्तूला विचारा: ही कोणी ठेवली, कधी वापरली? उत्तर नसेल तर बाहेर. कंदील बहुतेक वेळा पहिला जातो, दळायचं जातं त्यानंतर.

फ्रेमच्या कडा आधी बघा, मध्य नंतर. चमकणारं स्टील, उभ्या रेषेत डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब, खिडकीबाहेरची डिश, पाण्याची काळी टाकी, सिमेंटच्या रस्त्याचा तुकडा. बाहेरचं हटवता येत नसेल तर कडब्याच्या पेंढ्या, वाळत घातलेली साडी किंवा अर्धं लावलेलं कवाड वापरा.

## ९. शूटिंगचे दिवस

शॉट संपला की सेटला हात लावू नये. दाराला सुतळी बांधा आणि जेवणाच्या सुट्टीत एक माणूस तिथेच बसवा. गावात पाहुणे येतात, बाजेवर बसतात, तांब्यातलं पाणी पितात. त्यांच्याशी गोड बोलायला गावातलाच माणूस नेमा.

प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर फोटो काढा, त्यात प्रसंग आणि शॉट क्रमांकाची चिठ्ठी असू द्या. मोठ्या वस्तूंच्या पायांशी खडूने खूण करा. संपणाऱ्या वस्तूंचा हिशेब असा: अँगल गुणिले टेक, आणि वर एक टेक जास्तीचा. चार अँगल, प्रत्येकी तीन टेक, दर टेकला एक भाकरी मोडायची, तर बारा आणि वरची एक मिळून तेरा भाकरी. त्या सकाळीच थापून ठेवल्या तर दुपारच्या उन्हाळी हवेत वातड होतात, म्हणून दोन खेपांत करा आणि ओल्या फडक्यात ठेवा. मनीऑर्डरचा फॉर्म, पत्र, वर्तमानपत्र असे फाटणारे कागद किमान पाच-सहा करा. त्यांवरचं अक्षर एकाच माणसाचं असू द्या.

## १०. घर परत करताना

रेकीच्या दिवशी काढलेले फोटो हातात घेऊन खोली-खोलीने जा. मालकाचं सामान यादीप्रमाणे, होतं त्याच जागी. फ्लॅटचे खिळे, वायरचे तुकडे, टेप, काजळीचे बोळे उचला. जनावरं चरायला येतात, गोठ्याजवळ खिळा राहिला तर तो त्यांच्या पोटात जातो. भिंत रंगवली असेल तर मालकाला विचारा की तशीच ठेवायची की पहिल्यासारखी करून द्यायची. पुष्कळदा ते ठेवा म्हणतात, पण ते त्यांनीच म्हणायला हवं. भुई पुन्हा सारवून द्या. मालकाची मोडलेली वस्तू लपवू नका, तिची किंमत ठरवून त्याच दिवशी द्या आणि करारावर दोघांची सही घ्या. भाड्याचं सामान परत पाठवण्याआधी त्यावर लावलेली काजळी आणि माती धुऊन काढा, नाहीतर दुकानदार पुढच्या वेळी अनामत वाढवतो. एडिटिंगमध्ये एखादा शॉट परत लागू शकतो, म्हणून हातात धरलेल्या मुख्य वस्तू, म्हणजे इथे ट्रान्झिस्टर, सदरा, किल्ल्यांचा जुडगा आणि पत्रं, सिनेमा पूर्ण होईपर्यंत नाव लिहिलेल्या पेटीत ठेवून द्या.